वन्यप्राण्यांची समीप व्यक्तिचित्रे : रंगीत व कृष्णधवल माध्यमांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

वन्यजीव छायाचित्रणात प्राण्याचा चेहरा, डोळे आणि कातडीचा पोत यांवर लक्ष केंद्रित करणाऱ्या छायाचित्रांना स्वतंत्र स्थान प्राप्त झाले आहे. अशा छायाचित्रांना समीप व्यक्तिचित्रे असे म्हणता येईल. मराठीत 'व्यक्ती' हा शब्द रूढार्थाने माणसासाठी वापरला जात असला, तरी प्रकट होणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. जंगलातील अनेक वाघांपैकी एक वाघ आणि स्वतःच्या खुणा, वय व इतिहास असलेला विशिष्ट वाघ यांतील फरक प्रकट करणे हे व्यक्तिचित्राचे कार्य होय.

हे व्यक्तिचित्र रंगीत असावे की कृष्णधवल, हा प्रश्न बहुधा अभिरुचीचा मानला जातो. कृष्णधवल चित्र कलात्मक आणि रंगीत चित्र वास्तवदर्शी, अशी ढोबळ विभागणी केली जाते. ही विभागणी अपुरी आहे. प्राण्याची ओळख कोणत्या दृश्य गुणात साठवलेली आहे, यावर माध्यमाची योग्यता अवलंबून असते. रंग वगळल्याने काही प्राण्यांचे व्यक्तित्व अधिक ठळक होते, तर काहींचे मुळातच नाहीसे होते. प्रस्तुत लेखात या भेदाची कारणे स्पष्ट करून माध्यमाच्या निवडीसाठी काही कसोट्या मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी : अपरिहार्यतेकडून निवडीकडे

वन्यजीव छायाचित्रणाच्या आरंभकाळात कृष्णधवल माध्यम ही निवड नव्हती. दुसरा व्यवहार्य पर्यायच उपलब्ध नव्हता. अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी रात्रीच्या अंधारात झगझगीत प्रकाश पाडून टिपलेली प्राण्यांची सत्तरहून अधिक छायाचित्रे 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात प्रसिद्ध झाली. भारतात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधून, तारेला पाय लागताच कॅमेरा आपोआप चालेल अशी योजना केली. त्यांची व्याघ्रचित्रे १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन वाघाच्या मागावर जाता येते, हे त्या चित्रांनी दाखवून दिले.

रंगीत छायाचित्रणाची ऑटोक्रोम पद्धती १९०७ मध्ये आणि कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली. तथापि, आरंभीच्या रंगीत फिल्म प्रकाशाला कमी संवेदनशील होत्या. दाट जंगलातील अपुऱ्या उजेडात हलत्या प्राण्याचे छायाचित्र त्यांवर घेणे कठीण होते. त्यामुळे रंगीत फिल्म उपलब्ध झाल्यानंतरही वन्यजीव छायाचित्रकार दीर्घकाळ कृष्णधवल माध्यम वापरत राहिले.

भारतीय संदर्भात मा. कृष्णन (१९१२–१९९६) यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. चेन्नईचे हे निसर्गलेखक व छायाचित्रकार रंगीत माध्यम सुलभ झाल्यावरही कृष्णधवलच वापरत राहिले. दक्षिण भारतातील हत्ती हा त्यांच्या अभ्यासाचा व छायाचित्रणाचा प्रमुख विषय होता. द्वीपकल्पीय भारतातील मोठ्या सस्तन प्राण्यांविषयीचे त्यांचे सर्वेक्षण मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांच्या कार्यात छायाचित्र हे निरीक्षणाच्या नोंदीचे साधन होते. कृष्णधवल माध्यम केवळ भावनेचे आणि रंगीत माध्यम केवळ माहितीचे, ही समजूत या एका उदाहरणानेही डळमळीत होते.

२. रंग वगळल्यावर नेमके काय घडते?

कोणत्याही रंगात येथे दोन गुण वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला गुण म्हणजे 'वर्ण', अर्थात तांबडा, हिरवा, निळा इत्यादी. दुसरा गुण म्हणजे 'उजळता', अर्थात तो रंग किती फिका किंवा गडद आहे. कृष्णधवल चित्रात वर्ण नाहीसा होतो आणि उजळता करड्या छटांच्या रूपाने शिल्लक राहते.

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर स्वतः रंग ओळखत नाही. तो केवळ प्रकाशाची तीव्रता मोजतो. त्यावर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची सूक्ष्म जाळी बसविलेली असते. ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेचे पेटंट १९७६ चे आहे. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या आणि तांबड्या व निळ्या प्रत्येकी एक चतुर्थांश असतात. रंगीत चित्राचे कृष्णधवल चित्रात रूपांतर करताना या तीन घटकांना निरनिराळा भार दिला जातो. प्रचलित सूत्रांपैकी एकात तांबड्याला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असा भार असतो. कारण मानवी डोळ्याला हिरव्या भागातील प्रकाश सर्वाधिक उजळ वाटतो.

या सूत्राचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वाघाच्या नारिंगी कातडीचे तीन घटक अनुक्रमे २००, १२० व ५० आणि भोवतीच्या गवताचे ११०, १५० व ६० असे धरू. रंगीत चित्रात हे दोन रंग क्षणार्धात वेगळे ओळखू येतात. वरील सूत्राने मात्र कातडीचे मूल्य सुमारे १३६ आणि गवताचे सुमारे १२८ येते. म्हणजेच दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत विलीन होतात. केवळ तांबडा घटक घेतल्यास कातडी २०० व गवत ११० होऊन वाघ उजळून पुढे येतो. केवळ हिरवा घटक घेतल्यास कातडी १२० व गवत १५० होऊन तोच वाघ गवतापेक्षा काळवंडलेला दिसतो. फिल्मच्या काळात हेच कार्य लेन्ससमोर लावलेल्या तांबड्या, पिवळ्या वा हिरव्या काचांनी साधले जात असे. तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर नारिंगी रंग गडदच उमटे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कृष्णधवल चित्र म्हणजे रंग पुसलेले तटस्थ वास्तव नव्हे. कोणता रंग उजळ आणि कोणता गडद करावयाचा, हा निर्णय त्यात दडलेला असतो. दुसरे असे की, वाघाचा नारिंगी रंग माणसाला जितका भडक वाटतो तितका तो त्याच्या भक्ष्याला वाटत नाही. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असल्याने त्यांना नारिंगी व हिरवा यांत भेद करणे कठीण जाते. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन प्रकारच्या पेशी असलेल्या दृष्टीला वाघाचा रंग झाडोऱ्यात लपण्यास अत्यंत अनुकूल असल्याचे दाखविले आहे. चितळाला दिसणारे जग कृष्णधवल नसते. तरीही रंगभेद काढून घेतलेले व्याघ्रचित्र माणसाला चितळाच्या अडचणीची काही कल्पना देऊ शकते.

३. वर्णातून ओळख देणारे प्राणी

काही प्राण्यांच्या बाबतीत वर्ण हाच संदेश असतो. मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या वर्षावनांत राहणारे मँड्रिल हे माकड याचे ठळक उदाहरण आहे. प्रौढ नराच्या नाकाचा मधला पट्टा तांबडा आणि बाजूंच्या वळ्या निळ्या असतात. गॅबनमधील मँड्रिलांवर जोआना सेचेल व अॅलन डिक्सन यांनी केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, नराला कळपातील सर्वोच्च स्थान प्राप्त झाले की त्याच्या चेहऱ्याचा तांबडेपणा वाढतो. स्थान गमावल्यास तो कमी होतो. अशा नराचे कृष्णधवल व्यक्तिचित्र कितीही सुबक असले, तरी त्याच्या सामाजिक जीवनातील सर्वांत महत्त्वाची वार्ता त्यातून गळून पडते.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हेही या दृष्टीने विचारात घेण्याजोगे उदाहरण आहे. या मोठ्या खारीच्या उपजाती भारताच्या निरनिराळ्या वनप्रदेशांत आढळतात आणि त्या मुख्यतः पाठ, शेपूट व पोट यांच्या रंगांवरून वेगळ्या ओळखल्या जातात. भीमाशंकरच्या शेकरूची तांबूस तपकिरी पाठ, फिके पोट आणि शेपटीचा फिकट शेंडा ही त्याची ओळखपत्रे होत. कृष्णधवल चित्रात पाठीचा गडदपणा उरतो. पण तो तपकिरी की काळा, हे खात्रीने सांगता येत नाही. घुबडाच्या डोळ्यांचा पिवळा वा गडद तपकिरी रंग, किलकिल्याच्या पिसांतील निळाई, मोराच्या गळ्याची झळाळी यांबाबतही हेच म्हणता येईल. येथे रंग वगळणे म्हणजे ओळखीचा पुरावा वगळणे होय.

४. उजळता, आकृती व पोत यांतून ओळख देणारे प्राणी

याउलट, अनेक प्राण्यांची वैयक्तिक ओळख वर्णावर अवलंबून नसते. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येक वाघात वेगळी असते. उल्हास कारंथ यांनी नागरहोळे येथील वाघांची संख्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अनुमानित करणारा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा आधार पट्ट्यांवरून वाघ ओळखणे हाच होता. काळे पट्टे व फिकी कातडी यांतील भेद उजळतेचा असल्याने तो कृष्णधवल चित्रातही अबाधित राहतो.

सिंहाची आयाळ हे दुसरे उदाहरण होय. पेटन वेस्ट व क्रेग पॅकर यांनी सेरेंगेटीतील सिंहांवर केलेले संशोधन २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या आयाळी लावलेले सिंहांचे पुतळे मांडून त्यांनी खऱ्या सिंहांचा प्रतिसाद तपासला. सिंहिणींना गडद आयाळीचा नर अधिक पसंत पडतो आणि गडद आयाळीचा संबंध टेस्टोस्टेरॉनच्या अधिक प्रमाणाशी आहे, असे या संशोधनातून दिसून आले. मँड्रिलचा संदेश तांबडेपणात असतो, तर सिंहाचा गडदपणात. म्हणूनच पहिल्याचे कृष्णधवल चित्र मुके होते आणि दुसऱ्याचे बोलते.

हत्ती हा तर मुख्यतः पोताचा प्राणी आहे. केनियातील अंबोसेली येथे सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात प्रत्येक हत्ती त्याच्या कानांच्या कडांवरील फाटे, छिद्रे व शिरांची जाळी यांवरून ओळखला जातो. सुळ्यांची वळणे, कातडीच्या सुरकुत्या, वयानुसार खोल होत गेलेले गालफड या सर्व गोष्टी प्रकाश व छाया यांच्या खेळातून दिसतात. रंग नसल्याने पाहणाऱ्याचे लक्ष विचलित होत नाही आणि हा तपशील पुढे येतो. तरीही येथे काही गमवावे लागतेच. केनियातीलच त्सावोचे हत्ती तेथील तांबड्या मातीत लोळून तांबूस दिसतात, तर अंबोसेलीचे हत्ती तेथील फिक्या धुळीने राखाडी होतात. अंगावरची माती हा प्रदेशाचा पत्ता असतो आणि तो कृष्णधवल चित्रातून पुसला जातो.

५. अंबोसेलीतील एक चित्र

कृष्णधवल व्यक्तिचित्राचे सामर्थ्य व मर्यादा समजून घेण्यासाठी इंग्रज छायाचित्रकार निक ब्रँट यांचे कार्य उपयुक्त ठरते. २००५, २००९ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन पुस्तकांतून त्यांनी पूर्व आफ्रिकेतील प्राण्यांची कृष्णधवल चित्रे सादर केली. त्यासाठी त्यांनी मोठ्या आकाराची फिल्म वापरणारा पेंटॅक्स ६७ हा कॅमेरा निवडला आणि टेलिफोटो लेन्सचा वापर टाळला. प्राण्याच्या समीप जाणे आणि त्याच्यामागील आकाश व माळरान चित्रात राखणे, हा त्यामागील हेतू होता.

२००७ मध्ये त्यांनी अंबोसेली येथे पाणी पिणाऱ्या एका मोठ्या नर हत्तीचे चित्र टिपले. 'इगोर' या नावाने ओळखला जाणारा हा हत्ती २००९ मध्ये हस्तिदंतासाठी चोरट्या शिकाऱ्यांकडून मारला गेला. त्यानंतर २०१० मध्ये ब्रँट यांनी केनियातील संवर्धक रिचर्ड बॉनहॅम यांच्यासह 'बिग लाइफ फाउंडेशन' या संस्थेची स्थापना केली. केनिया–टांझानिया सीमेलगतच्या प्रदेशात स्थानिक समाजांतील रक्षकांची पथके नेमून ही संस्था शिकारीस प्रतिबंध करते. हत्तींच्या शिकारीची आकडेवारी तत्पूर्वीही उपलब्ध होती. परंतु ज्याचा चेहरा लोकांनी पाहिला होता असा हत्ती मारला गेला, तेव्हा आकड्याला एक व्यक्ती लाभली.

ब्रँट यांच्या २०१६ मधील 'इनहेरिट द डस्ट' या मालिकेने पुढचे पाऊल टाकले. प्राण्यांची पूर्वी अप्रकाशित राहिलेली व्यक्तिचित्रे जीवमात्र आकारात छापून, जेथे पूर्वी असे प्राणी वावरत होते त्या जागी, म्हणजे आता खाणी, कारखाने व कचराभूमी झालेल्या ठिकाणी, उभी करण्यात आली आणि त्या दृश्याचे पुन्हा छायाचित्रण झाले. समीप चित्रातून सहसा वगळला जाणारा अधिवास येथे चित्राचा मुख्य विषय बनला.

६. कृष्णधवल माध्यमातील दोन धोके

पहिला धोका स्मारकाचा आहे. कृष्णधवल छायाचित्राशी भूतकाळाची भावना जोडली गेली आहे. कोरिया संस्थानात १९४७ मध्ये मारल्या गेलेल्या, भारतातील अखेरच्या मानल्या जाणाऱ्या तीन चित्त्यांचे छायाचित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. अशा चित्रांची सवय झालेल्या नजरेला आज जिवंत असलेल्या प्राण्याचे कृष्णधवल चित्रही श्रद्धांजलीसारखे वाटू शकते. जो प्राणी आधीच गेला असे वाटते, त्याच्यासाठी हळहळ व्यक्त होते. कृती मात्र होईलच असे नाही.

दुसरा धोका चुकीच्या वाचनाचा आहे. हत्तीच्या डोळा व कान यांच्यामध्ये एक ग्रंथी असते. मदकाळात नर हत्तीच्या या ग्रंथीतून स्राव वाहतो आणि गालावर गडद ओला ओघळ दिसतो. भोवतीचा संदर्भ व रंग नसलेल्या समीप चित्रात हा ओघळ अश्रूंसारखा भासतो आणि आक्रमक अवस्थेतील हत्ती दुःखी समजला जातो. मदकाळातील हत्ती माणसासाठी अत्यंत धोकादायक असतो, हे लक्षात घेता ही केवळ काव्यात्म चूक राहत नाही. आशियाई हत्तीच्या सोंडेवर व कानांवर रंगद्रव्य कमी झाल्याने आलेले गुलाबी ठिपकेही कृष्णधवल चित्रात व्रणासारखे वाटू शकतात. अशा चित्रांना अचूक चित्रओळ आवश्यक ठरते.

रंगीत माध्यमही निर्दोष नाही. संगणकावर रंगांची तीव्रता वाढवून वाघाला केशरी आणि गवताला पाचूसारखे हिरवे करणे आज सहज शक्य आहे. मात्र भडक रंग निदान संशय निर्माण करतो. कृष्णधवल चित्रातील छटांचा फेरफार सहसा लक्षातही येत नाही.

७. समीपता आणि अंतर

समीप चित्रासाठी समीप जाणे आवश्यक असतेच असे नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यटक वाहनाने वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखणे अपेक्षित आहे. प्राण्याला घेरणे, आमिष दाखविणे व खाऊ घालणे यांनाही त्यात मनाई आहे. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स लावल्यास २० मीटरवरून सुमारे १.२ मीटर रुंदीचा भाग चित्रात सामावतो. वाघाचे मस्तक व खांदे टिपण्यास तो पुरेसा आहे. मात्र छिद्र एफ/४ इतके उघडे असता स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम पाव मीटर राहते. त्यामुळे डोळे रेखीव आणि मागील सर्व काही धूसर होते. ताडोबासारख्या जंगलात हीच पद्धती व्यवहार्य आहे. ब्रँट यांच्या पद्धतीचे अनुकरण तेथे नियमात बसणारे नाही.

अधिवास असा धूसर झाल्यावर त्याची उरलेली खूण म्हणजे पार्श्वभूमीचा रंग. उन्हाळ्यातील वाळलेले गवत आणि पावसाळ्यानंतरची हिरवळ यांतील भेद धूसर पार्श्वभूमीतही कळतो, पण तो रंगीत चित्रातच. टेलिफोटो लेन्सने घेतलेल्या समीप चित्रात रंग वगळताना ऋतूही वगळला जातो, याचे भान ठेवणे इष्ट आहे.

८. परत न येणारी वाट

माध्यमाच्या निवडीबाबत एक मूलभूत विषमता आहे. रंगीत चित्रातून कृष्णधवल चित्र केव्हाही तयार करता येते; कृष्णधवल नोंदीतून मूळ रंग परत मिळत नाही. टास्मानियातील थायलासिन या मांसाहारी शिशुधानी प्राण्यांपैकी बंदिवासातील ज्ञात अखेरचा प्राणी होबार्ट येथील प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी मरण पावला. डेव्हिड फ्ले यांनी १९३३ मध्ये घेतलेले थायलासिनचे चलच्चित्रण कृष्णधवल आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०२१ मध्ये त्याची रंगीत आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यासाठी संग्रहालयांत जतन केलेली कातडी व जुनी लिखित वर्णने यांचा आधार घ्यावा लागला. चित्रणात रंग नव्हताच. तो अन्य साक्षीदारांकडून मागून आणावा लागला.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वन्यप्राण्याच्या समीप व्यक्तिचित्रात माध्यमाची निवड प्राण्यापासून सुरू व्हावयास हवी. त्याची ओळख वर्णात असेल, तर रंग राखणे आवश्यक आहे. ती पट्टे, पोत, आकृती वा गडदपणा यांत असेल, तर कृष्णधवल माध्यम ती अधिक स्पष्ट करू शकते. मूळ नोंद शक्यतो रंगीत घेऊन जतन करावी आणि कृष्णधवल रूप तिच्यापासून तयार करावे. प्रसिद्धीच्या वेळी चित्रओळीत प्राण्याचे नाव, स्थळ, दिनांक आणि त्याची अवस्था यांचा उल्लेख असावा. छटांत मोठा फेरफार केला असल्यास तोही नमूद करावा.

कृष्णधवल चित्र मागे ठेवून गेलेल्या इगोरची ओळख त्याच्या कानांत, सुळ्यांत व सुरकुत्यांत होती. म्हणून ते चित्र पुरेसे ठरले. मँड्रिलच्या किंवा शेकरूच्या वाट्याला असे एकच चित्र आले, तर ते पुरेसे ठरणार नाही. छायाचित्रकाराने कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी एवढा भेद जाणून घेणे, हे त्या प्राण्याप्रती त्याचे पहिले कर्तव्य ठरते.